आठ आठवडे आणि पहिली हाफ मॅरेथॉन, जमेल का?

साधीसुधी
नमस्कार मंडळी. वय ४१, बैठं काम. गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात हाफ मॅरेथॉनचं (२१.१ किमी) रजिस्ट्रेशन करून ठेवलं, तेव्हा हाताशी भरपूर महिने होते. मग आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ती आता छान चालतेय पण मधले पाच महिने माझं धावणं पूर्ण बंद होतं, बूटसुद्धा बाहेर काढले नाहीत. आता महिनाभर परत सुरू केलंय, आठवड्यातून दोनदा, ५ किमी साधारण ३६ मिनिटांत होतात पण शेवटी चांगलीच धाप लागलेली असते. शर्यतीला बरोबर आठ आठवडे आहेत. कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, सव्वातीन तास.
आठवड्यातले तीन दिवस नक्की देऊ शकते, चौथा मिळाला तर मिळाला. जास्त वेळ फक्त रविवारी सकाळी.
सगळीकडे १२ आठवड्यांचे प्लॅन दिसतात. त्यातले पहिले चार आठवडे गाळून पाचव्यापासून सुरुवात केली तर चालेल का? की यंदा सोडून द्यावं? ५ वरून २१ झेपेल का ते खरं खरं सांगा, बरं वाटावं म्हणून सांगू नका.

पहाटवारा
खरं खरं सांगते, जमेल. पण पूर्ण करायची एवढंच डोक्यात ठेवलंत तर. अडीच तास, दोन चाळीस वगैरे आकडे मनात असतील तर ते आत्ताच पुसून टाका, त्या आकड्यांपायीच आठ आठवड्यांत माणसं जायबंदी होतात.
पहिले चार आठवडे गाळणं हा मात्र सगळ्यात वाईट पर्याय, कारण त्या सुरुवातीच्या आठवड्यांत काही विशेष होतंय असं वाटत नाही पण पाय तेव्हाच तयार होत असतात. गाळायचंच असेल तर शेवटची टोकाची अंतरं गाळा. तुम्हाला शर्यतीआधी २१ धावून बघायची काहीही गरज नाही, १६ झाले तर उत्तम, १४ झाले तरी चालेल.
मी असं करेन. रविवारची लांब धाव अशी: ७, ९, ११, मग एक हलका आठवडा ८, मग १३, १६, त्यानंतर ९ किंवा १०, आणि आठव्या रविवारी शर्यत. मधल्या दिवसांत दोनदा ४ ते ६ किमी, सावकाश. चौथा दिवस मिळाला तर धावू नका, पंधरा-वीस मिनिटं पायांचे व्यायाम करा.
आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही ५ किमी ज्या वेगाने धावताय तो तुमच्यासाठी जोराचा वेग आहे, शेवटी धाप लागते म्हणालात त्यावरूनच कळतं. रोजची धाव अशी हवी की शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील, दोन शब्द बोलून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. एकट्या धावत असाल तर मोठ्याने एखादी कविता म्हणून बघा, लगेच कळतं.

चौथागियर
थोडा असहमत. वेळ कमी आहे म्हणूनच इंटर्व्हल्स हव्यात ना? आठवड्यातून एकदा ४०० मीटर जोरात, मग थोडं चालणं, असं ८ वेळा. कमी वेळात जास्त फायदा होतो, दमसास झपाट्याने वाढतो. नुसतं संथ धावून फक्त संथ धावायची सवय लागते.

अस्थिमित्र
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून मध्ये बोलतोय. चौथागियर म्हणतात ते दमसासाच्या बाबतीत बरोबरच आहे, पण या केसमध्ये अडचण दमसासाची नाही. हृदय आणि रक्ताभिसरण फार लवकर शिकतात, व्यायाम सुरू केल्यावर एकदोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढायला लागतं आणि तेवढ्यानेच धावणं सोपं वाटू लागतं. स्नायूंना थोडे जास्त आठवडे लागतात. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडं मात्र महिने घेतात.
हाडाचं तर असं असतं की नवीन ताण आला की शरीर आधी जुना भाग थोडा पोखरतं आणि मग तिथे नवीन भरतं. म्हणजे मध्ये काही आठवडे हाड उलट थोडं नाजूक असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखतेय म्हणून लोक येतात ते उगाच नाही, नेमकं तेव्हाच त्यांना वाटत असतं की आता आपल्याला मस्त जमायला लागलंय, वेग वाढवूया. छाती हो म्हणत असते आणि नडगी अजून तयार नसते.
पाच महिन्यांच्या खंडानंतर, आठ आठवड्यांच्या मुदतीत, जोराच्या धावा मी तरी सांगणार नाही. ज्याचा पाया पक्का आहे त्याने जरूर कराव्यात.
घरच्या व्यायामात एका पायावर उभं राहून टाच उचलणं (भिंतीला हात टेकवून, १२ ते १५ वेळा, दोन्ही पाय), स्क्वॉट्स, आणि पाठीवर झोपून कंबर उचलायचा ब्रिज. आठवड्यातून दोनदा पुरे. टाच उचलण्याचा कंटाळा करू नका, पोटरी दमली की सगळा भार नडगीवर आणि टाचेवर जातो.
आणखी एक, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा धावताना कधी छातीत दडपण, चक्कर असं काही झालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून या.

साधीसुधी
सगळ्यांचे मनापासून आभार. हृदयाचं तसं काही नाही, तरी तपासून घेते.
एक विचारायचं होतं, लांब धावेत मध्येमध्ये चाललं तर ती फसवणूक नाही ना? मला मनात सारखं वाटत राहतं की चालले म्हणजे हरले.

संथवाहते
अजिबात नाही!! मी माझ्या दोन्ही हाफ तशाच केल्यात. ही पद्धत जुनी आणि नावाजलेली आहे, जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला १०,००० मीटर धावलेले, त्यांनी सत्तरच्या दशकापासून नवशिक्यांना असंच शिकवलंय, धाव-चाल-धाव.
पण यातली खुबी अशी की दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. पहिल्या किलोमीटरपासून. लोक काय करतात, १२-१३ किमी तसेच रेटतात आणि मग पाय संपले की चालतात, त्यानंतर ते परत धावूच शकत नाहीत.
तुमचं गणित मांडून बघितलं. ४ मिनिटं धावायचं साडेसात मिनिटांना एक किमी अशा पेसने, मग १ मिनिट झपझप चालायचं. चालणं साडेदहा मिनिटांना किमी धरलं तर सरासरी येते जवळपास ८ मिनिटं प्रति किमी, म्हणजे २१.१ किमी दोन अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासला. कटऑफसाठी सरासरी ९:१४ च्या आत हवी. म्हणजे तुमच्याकडे जवळपास पंचवीस मिनिटं शिल्लक आहेत. नुसतं चालून मात्र कटऑफ गाठता येणार नाही, तासाला साडेसहा किमी हा चालण्याचा वेग तीन तास टिकत नाही, तेव्हा धावणं लागेलच.

साधीसुधी
हे गणित वाचून एकदम हलकं वाटलं. पंचवीस मिनिटं!
पहिला आठवडा झाला. रविवारी ७ किमी, ४-१ ने. किती हळू धावावं लागतं हो, मला वाटलं मी जागच्या जागी हलतेय, बाजूने एक आजोबा झपाझप चालत पुढे निघून गेले. पण ७ झाल्यावर मला धाप नव्हती. आणखी एक किमी जाऊ शकले असते. असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पहाटवारा
तो एक किमी शिल्लक ठेवलात ना, तोच पुढच्या मंगळवारी कामी येतो. असंच चालू द्या.
बूट किती जुने आहेत? पाच महिने पडून होते म्हणालात, त्याआधी किती धावलेले? झिजले असतील तर आत्ताच बदला म्हणजे शर्यतीपर्यंत पायात बसतील. शर्यतीच्या आठवड्यात नवीन बूट घालायचे नाहीत हे तर सगळेच सांगतात, पण मोजे आणि टी-शर्टलाही तोच नियम.

(मधले दोन आठवडे धागा शांत)

साधीसुधी
वाईट बातमी. तिसरा आठवडा सुरू आहे. दुसऱ्या रविवारचे ९ छान झाले, मग मंगळवारी इतकं भारी वाटत होतं की ५ किमी जोरात मारले, ३३ मिनिटं. गुरुवारी सकाळपासून उजवी नडगी दुखतेय, आतल्या बाजूने. जिने उतरताना जाणवतं. रविवारी ११ आहेत. गोळी घेऊन करू का? एक आठवडा गेला तर सगळंच गेलं असं वाटतंय, रडू येतंय खरंतर.

अस्थिमित्र
गोळी घेऊन अजिबात धावू नका. दुखणं हाच इथे तुमचा एकमेव मोजमापाचा काटा आहे, तोच बंद करून कसं चालेल.
आता नीट बघा आणि सांगा. अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवरून खालपर्यंत दाबत जा. चार बोटांच्या रुंदीएवढ्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखतंय, की एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या जागी? बसल्या जागी, रात्री झोपेत ठणकतंय का? त्या पायावर टाच उचलली तर काय होतं?

साधीसुधी
लांब पट्टा आहे, वीतभर तरी. नेमकी एकच अशी जागा नाही. रात्री काही नाही. टाच उचलली की ओढ जाणवते पण कळ नाही.

अस्थिमित्र
मग बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे पोटरीचे स्नायू जिथे हाडाला धरतात तिथली चिडचिड. इथून बघून छातीठोक सांगता येत नाही, जवळच्या कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. नेमक्या एका बिंदूत दुखत असतं, रात्री ठणकलं असतं, तर हाडाला बारीक चीर असायची शक्यता धरून धावणं पूर्ण थांबवायला सांगितलं असतं. तशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला की लोक धावायला लागतात आणि मग काही महिने घरी बसतात. पुढेही हे लक्षात ठेवा.
आत्ता, सहा-सात दिवस धावणं बंद. सायकल किंवा पोहणं न दुखता जमत असेल तर जरूर, दमसास त्याने टिकतो. सपाटीवर अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशीही दुखलं नाही की मग धाव, तीही आधी २-१ ने.

पहाटवारा
एका आठवड्याने काहीही जात नाही. दोन आठवड्यांपर्यंत तर फारच थोडं कमी होतं. नुकसान होतं ते बुडालेलं भरून काढायला गेल्याने, म्हणजे ११ राहिले म्हणून पुढच्या आठवड्यात ११ अधिक ८. ते ११ गेले, त्यांचं नाव घेऊ नका.
नवीन आराखडा: चौथ्या रविवारी ८, पाचव्याला ११, सहाव्याला १४, सातव्याला ८, मग शर्यत. १६ रद्द.
आणि त्या मंगळवारबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. बरं वाटलं की जोरात पळावंसं वाटणारच.

चौथागियर
साधीसुधी, काळजी घ्या. आधी इंटर्व्हल्सचं मीच लिहिलं होतं, तुमच्या पाच महिन्यांच्या खंडाचा विचार तेव्हा केला नव्हता, सॉरी. माझ्या पहिल्या हाफला मी सहा आठवडे फक्त जोरात पळलो होतो, शर्यतीत पहिले ५ किमी स्वप्नासारखे गेले आणि पंधरापासून पुढे दोन्ही पोटऱ्यांत गोळे, शेवटचे सहा किमी लंगडत. त्यानंतर वर्षभर शर्यतीचं नाव काढलं नव्हतं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

साधीसुधी
सातवा आठवडा चालू. सांगायला आनंद होतोय की १४ झाले. एक तास चोपन्न मिनिटं. नडगी गप्प आहे, फिजिओकडे जाऊन आले, त्यांनीही हेच निदान केलं. बूट बदलले.
पण शेवटचे दोन किमी पाय शिशाचे झाले आणि डोकं रिकामं रिकामं. खायचं-प्यायचं कसं करू? आणि १४ वर २१ खरंच होतात?

संथवाहते
होतात. माझी पहिली हाफ १५ वर झाली होती. शेवटचे पाच-सहा अवघड जातील हे आत्ताच कबूल करून टाका म्हणजे तेव्हा घाबरायला होत नाही.
खाण्याबद्दल: शरीरात साठवलेली साखर, ग्लायकोजेन, साधारण दीड-दोन तास पुरते, म्हणून दीड तासाच्या पुढची धाव असेल तर बरोबर काहीतरी हवंच. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. पहिल्यांदा आहात, तेव्हा ३० च्या आसपास ठेवा. एनर्जी जेलच्या (धावताना खायचा गोड, दाट पाक) एका पाकिटात बहुतेकदा २० ते २५ ग्रॅम असतं, म्हणजे दर पाऊण तासाला एक, पाण्याबरोबर. भूक लागायची वाट बघायची नाही. जेल सोसत नसेल तर केळं, खजूर, गोड गोळ्या, जे पोटाला चालेल ते. पण या रविवारच्या ८ मध्ये एकदा खाऊन बघा, पोट धावताना वेगळं वागतं.

पहाटवारा
पाण्याचं मी सांगते कारण यात आपल्यासारख्या सावकाश धावणाऱ्यांना धोका जास्त असतो. सगळे म्हणतात भरपूर पाणी प्या, म्हणून प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास प्यायले जातात. तीन तास असं प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं, त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, आणि जास्त झालं तर जिवावर बेततं. तहान लागेल तसं, घोट घोट. धावून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर जास्त प्यायलात असं समजा.
आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं त्या दिवशी नकोच, पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण येतो.
बाकी छोट्या गोष्टी. काखेत, मांड्यांच्या आतून, ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन. पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. सुती टी-शर्ट नको, घामाने जड होतो आणि घासतो. बिब, म्हणजे शर्यतीच्या नंबरचा कागद, आदल्या रात्रीच टी-शर्टला लावून ठेवा. आदल्या रात्री झोप लागणार नाही, ते चालतं, त्याच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपा.
शेवटच्या आठवड्यात दोनदा २०-३० मिनिटं हलकं धावायचं, बाकी आराम. त्या आठवड्यात नाही नाही ते दुखल्यासारखं वाटतं, घसा, गुडघा, सगळं. आणि "एकदा १८ मारून बघू का" असं वाटेल. नका मारू. शेवटच्या दहा दिवसांत केलेल्या कष्टाचा फायदा शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र पूर्ण मिळतो.

साधीसुधी
१८ चा विचार काल रात्रीच आला होता, तुम्हाला कसं कळलं!

अस्थिमित्र
सुरुवातीला मागे उभ्या राहा. आणि घड्याळावर फार विसंबू नका, मार्ग सगळ्यात जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि आपण गर्दीतून, वळणांवर बाहेरून धावतो, त्यामुळे घड्याळात २१.१ कधीच संपून जातात आणि कमान अजून दिसत नसते. पाटीवरचे किमी खरे धरा. शुभेच्छा.

साधीसुधी
झालीऽऽऽ! २ तास ५६ मिनिटं ४० सेकंद!
नीट लिहायचंय म्हणून दोन दिवस थांबले. सगळ्यात मागे उभी होते, सुटल्यावर सगळे इतके जोरात निघाले की माझा पाय आपोआप उचलला जात होता, चार मिनिटं झाली आणि घड्याळ वाजलं, चालायचं. एवढ्या गर्दीत, सुरू होऊन पाच मिनिटं व्हायच्या आत, सगळ्यांसमोर चालणं, ते मला अख्ख्या २१ मधलं सगळ्यात अवघड वाटलं. एक स्वयंसेवक मुलगा ओरडला, मॅडम आत्ताच दमलात? मी मान हलवली आणि चालत राहिले.
नऊ-दहा किमीपासून ज्यांनी मला मागे टाकलं होतं ते एकेक करून दिसायला लागले. बारापर्यंत तर मजा आली. चौदाची पाटी गेली तेव्हा पोटात खड्डा पडला, याच्या पुढे मी कधीच गेले नव्हते. जेल ४५ मिनिटांनी, दीड तासाने आणि सव्वादोन तासांनी घेतली. सोळा ते एकोणीस वाईट गेले, मांड्या दगड झाल्या होत्या, ४-१ चं २-१ केलं. संथवाहते, तुम्ही अवघड जातील म्हणाला होतात ते सारखं आठवत होतं, हे अपेक्षितच आहे, काही बिघडलेलं नाही, असं स्वतःला सांगत होते.
घड्याळात २१.३४ आले, अस्थिमित्र म्हणाले तसंच. वीसच्या पाटीनंतरच्या वळणावर आई काठी घेऊन उभी होती. ओरडली नाही काही, नुसता हात वर केला. तिथून पुढे मी चाललेच नाही.
नडगी ठीक. एक नख काळं झालंय आणि काल जिना उलटं तोंड करून उतरले.

पहाटवारा
वाचताना डोळे भरून आले. खूप खूप अभिनंदन, आणि आईंना नमस्कार. आता आठवडाभर धावायचं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सगळ्यात जास्त दुखतात, हळूहळू चाला फक्त.

चौथागियर
जबरदस्त! त्या स्वयंसेवकाला मान हलवून पुढे गेलात ते सगळ्यात आवडलं.

नवपाऊल
धागा वर काढतोय. सगळा एका बैठकीत वाचला. माझ्या हाफला पाच आठवडे आहेत, कधीच धावलेलो नाही, ३ किमी सलग चालतो. साधीसुधींचाच प्लॅन पाच आठवड्यांत बसवला तर?

साधीसुधी
मी ५ किमी धावत होते तेव्हा आठ आठवडे होते, आणि तरी एक आठवडा नडगीत गेला. तुम्ही नका करू असं मला वाटतं. त्याच शर्यतीत १० किमी आहे का बघा, अंतर बदलून देतात का विचारा आयोजकांना.

अस्थिमित्र
अनुमोदन. बदलून देत नसतील तर १० किमीच्या वेगळ्या शर्यतीसाठी आठ-दहा आठवडे घ्या. पहिले दोन आठवडे १ मिनिट धाव, २ मिनिटं चाल, एकूण अर्धा तास, एक दिवसाआड. सुरू केलंत की नडगीचं काय होतंय ते इथे कळवा.